संकटग्रस्त क्रमांक एक

मोजणीदारांना बसथांबा कुठे आहे हे माहीत होतं. ही गोष्ट पुढे सात कागदांवर तीन शिक्क्यांनिशी नाकारण्यात आली, म्हणून आधीच सांगून ठेवलेली बरी. थांबा दूतावासाच्या फाटकापासून चाळीस पावलांवर होता, आणि हा आकडा काही अंदाजपंचे नव्हे. जमीनमोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस तो. त्यांचं पाऊल म्हणजे अडीच फूट, बोटभर कमी नाही की बोटभर जास्त नाही. ज्याने गावोगावची बांधाची भांडणं मिटवली त्याला बसथांबा सापडत नाही असं ज्याला वाटतं, त्याने आधी स्वतःचा चष्मा शोधून दाखवावा.

मग ते दूतावासात शिरले कशाला? तर बोलायला. मुलीकडे परदेशात येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. मुलीचे दिवस भरत आलेले. जावई दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात सकाळी जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. पत्नी असती तर तीच आली असती, पण ती दोन वर्षांपूर्वी गेली. पोरीच्या बाळंतपणाला आईच्या जागी कुणीच नाही असं होता कामा नये, हे मोजणीदारांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. टॉवेलची गुंडाळी करून, तिला मान आहे असं समजून, बाळ कसं धरायचं याचा सराव त्यांनी महिनाभर केला होता. मुलीला शब्द दिला होता, "तू आत असशील तेव्हा मी दाराबाहेर असेन." त्या एका शब्दासाठी म्हातारा एवढ्या लांब समुद्रापलीकडे आला होता, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख आता चार दिवसांवर होती.

बाकी सगळं छान होतं. रस्ते स्वच्छ, माणसं हसतमुख, पण एकाचीही भाषा कळेल तर शपथ. जन्मभर लोकांशी हुज्जत घालून पोट भरलेल्या माणसाचं तोंड तीन आठवड्यांत आंबून गेलं. अशात मंगळवारी सकाळी फेरफटका मारताना आपल्या भाषेतली पाटी दिसली आणि पाय आपोआप आत वळले. आता आत जाऊन "मला जरा गप्पा मारायच्यात" असं काही म्हणता येत नाही, निमित्त लागतं. हातात घड्याळ असूनही आपण शेजारच्याला किती वाजले विचारतोच की. तसंच त्यांनी खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, सतरा नंबरची बस कुठे थांबते हो? आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

इथे दूतावासाची बाजूही समजून घेतली पाहिजे. पूर्वी परदेशात नागरिक अडचणीत सापडला तर दूतावास त्याला मदत करायचा किंवा करायचा नाही, सगळा मर्जीचा मामला. सात महिन्यांपूर्वी 'परदेशस्थ नागरिक संरक्षण हक्क अधिनियम' आला आणि मर्जीचा हक्क झाला. हक्क आला की कक्ष येतो, कक्ष आला की त्याला अधिकारी लागतो, आणि अधिकारी बसला की तिमाही अहवाल आपोआप सुरू होतो. त्या शहरात आपले नागरिक तीनशेच्या आसपास, आणि सगळे इतके सरळमार्गी की सात महिन्यांत कुणाची छत्रीसुद्धा हरवली नाही. दोन अहवाल कोरे गेले. मग मुख्यालयाने कळवलं की 'संरक्षित नागरिकांची संख्या' या रकान्यात शून्य स्वीकारण्याची सोय संगणकात केलेली नाही. शिवाय, संकटात सापडण्याबाबत तेथील नागरिकांत जी उदासीनता दिसून येते तिची कारणं उलट टपाली सादर करावीत.

संरक्षण कक्षाच्या मॅडम मनाने फार चांगल्या होत्या. पासपोर्टच्या रांगेतल्या माणसांना त्या स्वतः जाऊन विचारायच्या, काही त्रास? कुणी फसवलं वगैरे? लोक म्हणायचे, नाही हो, तुमच्या कृपेने सगळं उत्तम. मॅडमचा चेहरा उतरायचा. अशा दिवसांत कारकून हात वर करून "हा काय समोर" म्हणणार, एवढ्यात मॅडमच्या कानावर तो प्रश्न पडला.

"काका, तुम्ही रस्ता चुकलात का?"

"चुकलो नाही हो. सहज विचारलं."

"सहज असा रकाना नाही," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "रस्ता चुकले, लुबाडले गेले, नाहीतर पळवले गेले. यातलं काय?"

मोजणीदारांना वाटलं, बाई थट्टेखोर आहे. तीन आठवड्यांनी कुणीतरी आपल्या भाषेत थट्टा करतंय याचंच त्यांना इतकं अप्रूप वाटलं की ते म्हणाले, त्यातल्या त्यात चुकले लिहा. मग खुर्ची आली, चहा आला आणि चौदा पानांचा अर्ज आला. गाव कोणतं, वडील काय करायचे, नोकरी कुठे कुठे झाली, रक्तगट, जुनी दुखणी. एकेक प्रश्न म्हणजे त्यांना मेजवानी. दोन सख्ख्या भावांच्या बांधाचं जे भांडण त्यांनी नऊ वर्षांनी मिटवलं ते त्यांनी साद्यंत सांगितलं, आणि मॅडमनी ते 'पूर्वीचे मानसिक आघात' या रकान्यात लिहून घेतलं. शेवटी मॅडमनी कागदावर बोट ठेवलं आणि मोजणीदारांनी बोटाखाली सही केली. हजारो लोकांच्या सह्या त्यांनी स्वतः अशाच बोट ठेवून घेतल्या होत्या. कुणी वाचत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

संगणकाने गुरगुर केली आणि क्रमांक बाहेर फेकला. संकटग्रस्त क्रमांक एक. आतल्या खोल्यांतून माणसं आली, टाळ्या वाजल्या. मोठे साहेब खुद्द आले आणि त्यांनी मोजणीदारांचा हात दोन्ही हातांनी दाबला. मोजणीदारांनी सगळ्यांचे आभार मानले, टोपी उचलली आणि येतो म्हणाले. तेव्हा मॅडमनी विचारलं, येतो म्हणजे कुठे? ज्याचा रस्ता चुकल्याची सरकारी नोंद आहे अशा ज्येष्ठ नागरिकाला एकट्याने रस्त्यावर सोडणं हा कलम नऊप्रमाणे निष्काळजीपणा होतो. आणि चुकलेली माणसं वस्तूही हरवतात असा अनुभव असल्याने पासपोर्ट कक्षाच्या तिजोरीत ठेवलेला बरा. त्याची रीतसर पावती मिळाली, आणि ती पावतीही हरवू नये म्हणून तीही तिजोरीत गेली.

संरक्षण कक्ष झकास होता. घडीचा पलंग, भिंतीवर धबधब्याचं चित्र, आणि एक खिडकी. खिडकीतून बसथांबा दिसायचा. दर बारा मिनिटांनी सतरा नंबरची बस यायची, दार उघडायची, बंद करायची आणि निघून जायची. मोजणीदारांनी पहिल्या दिवशी अशा अडतीस बसगाड्या मोजल्या.

बुधवारी जावई रजा टाकून सासऱ्याला न्यायला आला. पोरगा गुणाचा, डबाही घेऊन आलेला. पण लग्नानंतर त्याने त्या देशाचं नागरिकत्व घेतलं होतं, आणि अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे तो जावई नव्हता, परकीय इसम होता. परकीय इसमापासून नागरिकाचं रक्षण करणं हाच तर कायद्याचा गाभा. त्याचा डबा तपासून आत घेतला आणि त्याला बाहेर ठेवलं. रक्ताच्या नात्याच्या व्यक्तीने समक्ष येऊन ओळख पटवावी असं सांगण्यात आलं. रक्ताच्या नात्याच्या व्यक्तीला डॉक्टरांनी जिना उतरायलासुद्धा मनाई केली होती.

तेव्हा मुलीने फोन केला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, कारण पारदर्शकता. मुलगी म्हणाली, अहो, माझे बाबा हरवतील कसे, त्यांना इथले रस्ते आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत, त्यांना सोडा. हे टिपणीत असं उतरलं: 'नातेवाइकांना संकटाच्या गांभीर्याची जाणीव नाही. सबब नागरिकास नातेवाइकांपासूनही संरक्षण देणे इष्ट.' भीक नको पण कुत्रं आवर असं म्हणायची मोजणीदारांवर आता वेळ आली होती. पण इथे भीकही सरकारी आणि कुत्रंही सरकारी.

त्यांनी रीतसर मार्ग धरला. स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, की मला हा हक्क नको, मी तो राजीखुशीने सोडत आहे. मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्या शेजारी बसल्या आणि त्यांनी समजावलं, की हक्क सोडायला माणूस शांत चित्ताचा हवा. संकटग्रस्ताचं चित्त शांत नसतं, म्हणून त्याचा अर्ज धरता येत नाही. संकट संपलं की चित्त शांत, मग जरूर अर्ज करा. आणि संकट संपतं कधी, तर संरक्षण पूर्ण झालं की. मोजणीदारांनी हे एकदा सुलट आणि एकदा उलट तपासून पाहिलं. कुठेच फट नव्हती. मोजणी खात्यातही इतकं चोख काम त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि एका परीने त्यांना कौतुकही वाटलं.

गुरुवारी दुपारी मात्र त्यांचा धीर सुटला. कारकून चहा सांगायला गेला होता, दार उघडं होतं. मोजणीदार उठले आणि सरळ नाकासमोर चालत बाहेर पडले. चाळीस पावलं, सतरा नंबर, सहा थांबे, डावीकडे वळून दोनशे ऐंशी पावलं. बसमध्ये बसल्यावर त्यांना पोरासारखा आनंद झाला. आता मी हरवलेला नाही याला याहून मोठा पुरावा कोणता, असं त्यांनी मनातल्या मनात मॅडमना विचारलंसुद्धा.

पण मॅडम कर्तव्यात कसूर करणाऱ्या नव्हत्या. कक्ष रिकामा दिसताच चौथ्या मिनिटाला तिथल्या पोलिसांना वर्णन गेलं. ज्येष्ठ, सडपातळ, भ्रमिष्ट अवस्थेत. खाली विशेष सूचना होती: 'आपणास रस्ता माहीत असल्याचे हा इसम ठामपणे सांगेल. विश्वास ठेवू नये.' मोजणीदारांची दोनशे ऐंशीपैकी एकशे नव्वद पावलं झाली होती, मुलीच्या खिडकीतला पडदा दिसत होता, तेव्हा दोन उंच पोलीस आडवे आले. मोजणीदारांनी खिडकीकडे बोट केलं आणि रस्ता माहीत असल्याचं ठामपणे सांगितलं. पोलिसांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. मग कागदपत्रं मागितली. कागदपत्रं तिजोरीत सुरक्षित होती.

विनाओळखपत्र परक्या देशात फिरणं हा तिथे गुन्हा होता. माणूस आगीतून फुफाट्यात पडतो तसे मोजणीदार चौकीत जाऊन बसले. आता मात्र ते खरोखरच संकटात होते. ही वार्ता दूतावासात पोचली तेव्हा, कारकुनाने नंतर सांगितलं, मोठे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. नुसता रस्ता चुकलेला माणूस हे किरकोळ प्रकरण असतं, पण परकीय भूमीवर अटकेत पडलेला नागरिक म्हणजे या कायद्याचं सोनं. अशी संधी काही साहेबांना निवृत्तीपर्यंत मिळत नाही.

साहेब छायाचित्रकार घेऊन चौकीत आले. तिथला फौजदार गोंधळून गेला. तो म्हणाला, तुम्हीच पत्र पाठवलंत म्हणून आम्ही धरलं, नाहीतर यांना दोन मिनिटांत मुलीच्या दारात सोडलं असतं, समोरच तर घर आहे. साहेब करारी आवाजात म्हणाले, पत्राचा प्रश्न वेगळा, आमच्या नागरिकाला तुम्ही धरलं की नाही ते सांगा. फौजदाराने धरल्याचं कबूल केलं. लगेच निषेधाचा खलिता देण्यात आला, आणि त्याने नागरिक परत करताच आभाराचाही देण्यात आला. दोन्ही आधीच टाइप करून आणले होते. मोजणीदारांचा हात धरून साहेब चौकीच्या पायऱ्या उतरले ते छायाचित्रात फार सुरेख आलं आहे. मोजणीदार त्यात मागे वळून पाहताना दिसतात. तिकडे मुलीचं घर होतं.

शुक्रवारी सकाळी मॅडम नवा स्वेटर घेऊन आल्या. तिकडे थंडी असेल, विमानात घाला, म्हणाल्या. मोजणीदारांना आधी कळेचना. तेव्हा कलम चौदा वाचून दाखवण्यात आलं: संरक्षण पूर्ण झालं असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा नागरिक सुखरूप मायदेशी पोचतो. तिकीट निघालं होतं, दुपारचं विमान होतं. मुख्यालयाचं अभिनंदनाचं पत्रही येऊन गेलं होतं.

"बाई, उद्याची तारीख आहे पोरीची," मोजणीदार म्हणाले. "चार दिवस द्या. नंतर पाठवा कुठे पाठवायचं तिथे."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "काका, माझ्या हातात असतं तर आत्ता सोडलं असतं. पण तुम्हाला सोडलं तर मी तुमचा हक्क हिरावून घेतला असं होईल."

त्यांना खरंच रडू येत होतं. डोळे पुसून त्यांनी टिपणीत 'भावनिक स्थिती' या रकान्यात नोंद केली. कुणाची ते लिहायला जागा नव्हती.

गाडीत बसता बसता जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, एक दिवस आधीच, आणि दवाखान्यात नेलं होतं. विमानतळाचा रस्ता त्याच दवाखान्यावरून जातो हे मोजणीदारांना माहीत होतं. त्यांना कुठला रस्ता माहीत नव्हता? ते मॅडमना म्हणाले, आत नाही जात, बाळ नाही बघत, नुसता दहा मिनिटं दाराबाहेर उभा राहतो, तुम्हीही चला, हात धरून ठेवा हवं तर. मॅडमनी अधिनियम उघडून प्रामाणिकपणे शोधलं. दोन संरक्षित स्थळांच्या मध्ये थांबा घेता येत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं निघालं.

नेमका दवाखान्यासमोर लाल दिवा लागला. गाडी थांबली, पण ती दिव्यामुळे थांबली असल्याने थांबा धरला गेला नाही. मोजणीदारांनी काचेतून इमारत पाहिली. तिसरा मजला, उजवीकडून पाचवी खिडकी, मुलीने दाखवून ठेवली होती. फाटकापासून ते अंतर त्यांनी मागच्या आठवड्यातच चालून ठेवलं होतं, बासष्ट पावलं आणि मग उद्वाहक. त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. कडी मुलांच्या सुरक्षिततेसाठी बाहेरूनच उघडणारी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण हरवलो आहोत असं वाटलं, आणि तसं वाटल्याबरोबर हिरवा दिवा लागला.

नात झाली तेव्हा आजोबा आकाशात होते. खाली उतरल्यावर फोन चालू केला तर तिचं छायाचित्र आलेलं होतं. चिमुकली मूठ, डोळे मिटलेले, आणि मुलीच्या दोन ओळी: "बाबा, मी सारखी दाराकडे बघत होते. नर्सने शेवटी विचारलं, कुणी यायचंय का." मोजणीदार विमानतळाच्या खुर्चीत बसून ते वाचत होते तेव्हा स्वागत समिती आली. गुच्छ दिला, छायाचित्र काढलं. त्यांचे डोळे ओले होते, ते वार्ताहराने अचूक टिपलं. दुसऱ्या दिवशी मथळा होता: 'मायदेशी पाऊल ठेवताच ज्येष्ठाला अश्रू अनावर.'

आतली बातमी अशी होती, की परदेशात भरकटलेल्या आणि अटकेत पडलेल्या वृद्धाची केवळ चार दिवसांत सुटका झाली. संध्याकाळपर्यंत ती गावभर फिरली. शेजाऱ्याने मोजणीदारांनाच पाठवली, मेहुण्याने पाठवली, खात्यातल्या जुन्या मंडळींच्या गटात तर अकरा वेळा आली. तिकडे बाळंतिणीच्या खोलीत मुलीलाही सात जणांनी पाठवली, बघ गं, आपली माणसं आपल्याला कशी सांभाळतात, म्हणून. मोजणीदारांनी गटात एकच वाक्य लिहिलं: मी हरवलो नव्हतो. त्यावर पंचवीस अंगठे आले. कुणीतरी घरच्यांसाठी लिहिलं, काका अजून धक्क्यात दिसतात, त्यांना एकटं सोडू नका.

ती बातमी तुमच्याकडेही आली असणार. आठवा जरा, पायऱ्या उतरणारे साहेब आणि शेजारी मागे वळून बघणारा म्हातारा. तुम्हालाही ऊर भरून आला आणि तुम्ही ती पुढे चारपाच जणांना धाडलीत, त्याबद्दल तुम्हाला कुणी दोष देणार नाही. फक्त तिच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'हा संदेश पुढे पाठवणाऱ्याने प्रस्तुत अधिनियमाखालील स्वतःच्या संरक्षणास संमती दिली आहे असे समजण्यात येईल.' ती तुम्ही वाचली नसेलच. मॅडमकडे आता या तिमाहीसाठी चार हजार नावं जमली आहेत आणि त्या वरपासून क्रमाने घेणार आहेत.